बसऱ्याचं घड्याळ आणि मामांचा पडदा

घड्याळजीच्या दुकानात एक पत्र्याचा डबा असतोच असतो. घड्याळ उघडायचं, साफ करायचं, पुन्हा बसवायचं आणि सगळं आटपल्यावर बघावं तर टेबलावर एक बारकासा स्क्रू उरलेला! घड्याळ तर छान चालतंय. मग हा मेला आला कुठून? टाकवत नाही, म्हणून डब्यात. माझ्या हातून कधी उरला नाही, हे आधीच सांगून ठेवते. पण मामांच्या वेळचा डबा अर्धा भरलेला होता. किस्से असेच साठतात. कुठला कुठल्या सालातला ते मला विचारू नका. डबा हलवला की वाजतो, एवढं खरं.

दुकान माझ्या मामांचं, रत्नागिरीच्या बाजारात. पहिली मोठी लढाई संपून काही वर्षं झाली होती आणि मनगटावरची घड्याळं नुकती आमच्याकडे दिसायला लागली होती. त्याआधी घड्याळ म्हणजे खिशातलं, साखळीचं. मनगटावर घड्याळ बांधून पुरुष दुकानाची पायरी चढला की आमची मामी आतून म्हणायची, "आला बघ बांगडीवाला!"

माझा नवरा आगबोटीवर नोकरीला. बोट नेईल तिकडे तो, आणि मी मामा-मामींकडे. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. इंग्रजी आकडे शिकले ते तबकड्यांवरून आणि इंग्रजी अक्षरं शिकले ती मुंबईहून सुटे भाग यायचे त्या पुड्यांवरून. घड्याळ शिकले ते मामांच्या खांद्यावरून बघून. कुणी म्हणेल म्हातारी फुशारकी मारते. मारते! माझी स्वतःची कमाई आहे ती.

तर झालं असं, की मामांचे हात थरथरायला लागले. आधी बशीतला चहा सांडायचा, मग चिमट्यातला स्क्रू. एक दिवस त्यांनी चिमटा खाली ठेवला आणि मला म्हणाले, "बायो, तू कर." मी केलं. पुढचंही केलं. मग सगळंच मी करायला लागले.

"पण बाजाराला कळता नये गो," मामा म्हणाले. "कापऱ्या हातात घड्याळ कोण देईल? आणि बाईमाणसाच्या हातात तर त्याहून नाही. ज्या दिवशी कळेल त्या दिवशी दुकान बसलं समज."

म्हणून दुकानात पडदा आला. मामीचं जुनं हिरवं लुगडं. बाहेर मामा डोळ्याला भिंग लावून बसायचे, गिऱ्हाइकाकडून घड्याळ घ्यायचे आणि हळूच पडद्याआड सरकवायचे. आत मी. डोक्यावर एक काचेचं कौल, तेवढाच काय तो उजेड. ढग आला की माझं काम बंद!

आणि गिऱ्हाइकं? एकजात उर्मट! घड्याळ मामांच्या पुढ्यात ठेवलं की लगेच पाठ फिरवून रस्त्याकडे तोंड करून उभी राहायची. एवढा म्हातारा कारागीर समोर बसलाय, त्याच्याशी दोन शब्द बोलावेत, हात कसा चालतो ते बघावं, तर नाही! यांना रस्त्यावरच्या बैलगाड्या बघायच्या! लुगड्याच्या फटीतून मला नुसत्या पाठी दिसायच्या. अशी तळपायाची आग मस्तकात जायची!

*

एकदा दसरा झाला आणि दुसऱ्याच दिवशी एक किराणा दुकानदार घड्याळ घेऊन आला. नवंकोरं, मनगटावरचं. "मामा, परवापर्यंत सुरेख चालत होतं. काल बसलं."

मी पाठीचं झाकण उघडलं आणि हातातून घड्याळ सुटायचंच बाकी राहिलं. आतून मुंगी बाहेर आली. मग दुसरी. मग त्यांची अख्खी वरातच! चाकं पिवळट चिकट, आणि वास देवघराचा!

मी खालून मामांच्या पायाला चिमटा काढला आणि कुजबुजले, "विचारा, याला काय पाजलंत?"

दुकानदार रस्त्याकडे बघतच म्हणाला, "पाजायचं काय त्यात? खंडेनवमीला आम्ही तराजू, मापं, विळी, कोयता, सगळ्यांची पूजा करतो. आईनं घड्याळही ताम्हनात ठेवलं. म्हणाली, हेही हत्यारच. मग काय, रीतसर पंचामृताचा अभिषेक!"

दूध, दही, तूप, मध, साखर! घड्याळाला! मी पडद्याआड तोंडात पदर कोंबून बसले. दोन दिवस ते घड्याळ मी घासून पुसून काढलं. चालू झालं, बरोबर टाइम दाखवायला लागलं. घ्यायला दुकानदाराची आईच आली. घड्याळाकडे तिनं बघितलंसुद्धा नाही.

"ते राहू दे हो," ती मामांना म्हणाली. "आतून पंचामृत निघालं ते कुठं ठेवलंत? टाकलंत तर नाही ना? तीर्थ आहे ते!"

*

खाडीपलीकडे भाट्याला एक नारळाचे बागायतदार होते. माणूस सज्जन, पण स्वतःच्या नारळापुढे त्यांना जगात काही दिसायचं नाही. ते थंडीच्या दिवसांत आले. चेहरा पडलेला.

"मामा, आमच्या घड्याळाला थंडी वाजते."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"खरंच सांगतो. सकाळी गपगार. उन्हं खळ्यात आली की आपोआप चालू. दुपारी टकाटक. पहाटे पुन्हा गप."

आणि त्यांनी खिशातून घड्याळ काढलं. त्याला लोकरीची कानटोपी घातलेली होती! बारकी, लाल, वर गोंडा!

"बायकोनं विणली," ते म्हणाले. "दोन दिवस बरं वाटलं त्याला. पण मग ऊन कमी झालं."

मी उघडून बघितलं. चाकांच्या टोकांवर पांढरा थर, अगदी मेणासारखा. बोटानं घासला तर वितळला, आणि वास आला तो ओळखीचा! आमच्याकडे थंडीत बाटलीतलं खोबरेल गोठतं की नाही, तसं ते घड्याळाच्या पोटात गोठत होतं.

मामांनी विचारलं, "तेल कुठलं घातलंत?"

"घरच्या घाण्याचं!" पाठमोरी छाती फुगलेली मला आतूनसुद्धा दिसली. "तुम्ही घालता ते विलायती तेल. कसलं असेल कुणास ठाऊक! मी दर शनिवारी दोन थेंब सोडतो. मारुतीला घालतो त्यातलंच."

साफ करून, घड्याळाचं तेल लावून परत दिलं. पट्टा बांधता बांधता ते म्हणाले, "मग आता ही कानटोपी काय करू?" मामा म्हणाले, "पुढच्या थंडीत मारुतीला घाला!"

*

मग आमचे तारमास्तर. रोज दुपारी सरकारी टाइम तारेवरून यायचा. तारमास्तर आपलं मनगटावरचं घड्याळ त्याबरोबर लावायचे आणि सांजच्याला घरी जाताना आमच्या दुकानात टाइम देऊन जायचे. त्यावर आमची दुकानातली घड्याळं लागायची. म्हणजे यांच्या मनगटावर अर्धी रत्नागिरी चालायची म्हणा ना!

एका मोसमात त्यांचं आणि आमचं जमेना. दुकानातली भिंतीवरची, खिशातली, मनगटावरची सगळी घड्याळं एका बाजूला आणि तारमास्तर एकटे दुसऱ्या बाजूला.

"तुमची सगळी मागे आहेत," ते म्हणायचे. "सरकारी टाइम माझ्याकडे!"

"सगळीच्या सगळी कशी मागे पडतील हो?"

"हवा खारी आहे!"

खारी हवा! मी जिभेला आवर घातला. शेवटी एकदा त्यांनी घड्याळ तपासायला ठेवलं. माझ्या नवऱ्यानं बोटीवरून एक चिमुकलं होकायंत्र आणलेलं होतं. संशय आला म्हणून मी ते घड्याळाजवळ नेलं. सुई अशी गरकन फिरली, की मीच मागे सरले! आतली केसासारखी कमान लोहचुंबकानं भारली होती. तिचे वेढे एकमेकांना चिकटले होते आणि घड्याळ सुटलं होतं उधळलेल्या घोड्यासारखं.

मी नवी कमान घातली. मामांनी विचारलं, "तारमास्तर, काम करताना घड्याळ कुठं असतं?"

"काढून ठेवतो. तारेच्या यंत्राला टेकवून. तिथं कुणी हात लावत नाही."

त्या यंत्रात लोहचुंबक! अख्ख्या गावाला टाइम देणारा हा माणूस रोज आपल्या घड्याळाला विषाच्या बाटलीशेजारी निजवत होता!

"तिथं ठेवू नका," मामा म्हणाले.

तारमास्तर फार काळजीत पडले. "मग दिवसभर ते सुरक्षित ठेवू तरी कुठं?"

मामांनी त्यांच्या मनगटाकडे बोट दाखवलं. ते बोटसुद्धा थरथरत होतं, पण दिशा बरोबर होती!

*

एक किस्सा पालीच्या लग्नातला. त्या काळी मुंबईचा टाइम वेगळा आणि पोस्टाचा, रेल्वेचा स्टँडर्ड टाइम वेगळा. मुंबईचा अर्ध्या तासाहून जास्त मागे. मुलगी पालीची, तिच्या घरातलं घड्याळ आम्ही लावलेलं, स्टँडर्ड. मुलाकडचे मुंबईहून आलेले, मनगटावर मुंबई टाइम. आणि मुहूर्त गाठायचा!

आम्ही सगळी लग्नाला गेलो होतो. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं म्हटली, अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली. आणि मुलाचा काका मनगट उंच करून ओरडला, "थांबा! मुहूर्ताला अजून अवकाश आहे! हे लग्न आम्हाला मान्य नाही!"

नवरीची आई मटकन खाली बसली. भटजी मामांकडे वळले. "घड्याळजी, तुम्ही सांगा. कोणाचं बरोबर?"

मामा म्हणाले, "दोन्ही बरोबर!"

एवढं खरं बोलून माणसानं एवढ्या शिव्या खाल्लेल्या मी दुसरीकडे कुठं बघितल्या नाहीत! शेवटी सगळी मंडळी बसून राहिली, मुंबईचा मुहूर्त आला तेव्हा पुन्हा अंतरपाट, पुन्हा मंगलाष्टकं, पुन्हा अक्षता. ते जोडपं पुढे आमच्या ओळखीचं झालं. नवरा काही बोलला की ती म्हणायची, "गप बसा. एकदा नाही, दोनदा गळ्यात पडलायत माझ्या!"

*

आता आमचे सुभेदार. लढाईत तिकडे इराकात, बसऱ्याला होते. तिथून मनगटावरचं एक घड्याळ घेऊन आले होते. त्यावर काच जपायला बारीक जाळी, अंधारात चमकणारे आकडे. आमच्याकडे आलं तेव्हा ते चांगलं जुनं झालं होतं आणि बेभरवशाचं. एक आठवडा पुढे, एक आठवडा मागे.

सुभेदार दर बाजाराच्या दिवशी दुकानात हजर. घड्याळ मामांपुढे ठेवायचे, टाचा जुळवायचे, गर्रकन वळायचे, हात मागे बांधून पहाऱ्यावर असल्यासारखे रस्त्याकडे तोंड करून उभे. सगळ्यांत उर्मट पाठ त्यांची!

"मामा," रस्त्याला सांगितल्यासारखं सांगायचे, "या घड्याळावर आमची पलटण चाललीय. तुमच्या हातानं ते बरोबर नाही झालं तर कुणाच्याच होणार नाही."

तुमच्या हातानं! मी आत डोळे फोडत होते!

मी काय नाही केलं? दर वेळी धुतलं, तेल दिलं, सपाट ठेवून बघितलं, आडवं ठेवून, उभं टांगून बघितलं. माझ्याजवळ असलं की रामाच्या बाणासारखं सरळ! सुभेदारांकडे गेलं की बिघडलं. पाठीत जो स्लो-फास्टचा बारका काटा असतो तो मी नेमका मधोमध ठेवायची, आणि परत यायचं तेव्हा तो कधी या टोकाला, कधी त्या टोकाला! मला वाटलं, भूतबाधाच!

एकदा मामांनी विचारलं, "सुभेदार, घरी उघडता की काय हे?"

"अलबत!" पाठ म्हणाली. "रोज सकाळी. मागे पडलं असलं तर काटा फास्टकडे ढकलतो. पुढे गेलं असलं तर स्लोकडे. बाभळीच्या काट्यानं. शिस्त ही रोजच्या रोज लावावी लागते, मामा!"

रोज! बाभळीच्या काट्यानं! ज्या काट्याला मी श्वास रोखून केसभर हलवायची, त्याला हा माणूस रोज कवायत देत होता! माझा तोल सुटला. मी पडद्याआडून ओरडले,

"अहो, सोडा त्याला! हात लावू नका मेल्या घड्याळाला!"

झालं! मामांचा चेहरा पांढराफटक. मी लुगड्याचं टोक मुठीत धरून बसले. वाटलं, बसलं दुकान. आपल्या जिभेनं बसवलं.

सुभेदारांची पाठ हलली नाही. रस्त्याकडे बघतच ते म्हणाले,

"मामा, तुमचा घसा बसलाय. आवाज अगदीच चिरका येतोय. आल्याचा काढा घ्या."

आणि घड्याळ मनगटावर बांधून निघून गेले! मी मामीला म्हटलं, "तोफांनी याचे कान गेलेले आहेत. वाचलो!" मामीनं काढा करून मामांना पाजला.

त्यानंतर मात्र त्या घड्याळाला कुणी काटा लावला नाही. हळूहळू ते सुधारलं. मी त्याची नाडी ओळखली होती. सुभेदार रात्री ते खुंटीला टांगायचे, तिथं ते झुलायचं. मामांकडून निरोप दिला, उशाला सपाट ठेवा. सुभेदारांनी ठेवलं. आणि एका सांजेला तारमास्तर टाइम घेऊन आले, सुभेदारांनी मनगट पुढे केलं, दोघांच्या घड्याळांचे काटे जुळलेले! तारमास्तरांनी पुन्हा बघितलं. "सरकारी टाइम!" ते म्हणाले, आणि मी आत रडले. हो, रडले! त्यात लाजण्यासारखं काय आहे?

*

आणि मग कचेरीत नवे शिरस्तेदार आले. देशावरचे. आवाज असा, की बोलले तरी ओरडल्यासारखं वाटावं. कचेरीतली सगळी घड्याळं, भिंतीवरची आणि साहेबलोकांच्या हातातली, आमच्याकडे यायची. दुकान त्यावर उभं होतं. यांनी एक शब्द टाकला असता तर संपलं असतं.

ते आले ती वेळ सांजेची, गर्दीची. तारमास्तर होते, भाट्याचे बागायतदार होते, सुभेदारही होते. तिघे नेहमीसारखे रस्त्याकडे तोंड करून. शिरस्तेदारांनी मनगटावरचं घड्याळ काढून मामांपुढे आपटलं.

"मागे पडतंय. माझ्यासमोर उघडा."

मामा म्हणाले, "ठेवून जा, रावसाहेब. उद्या देतो."

"उद्या नाही, आत्ता! मी ऐकलंय, इथं घड्याळ पडद्याआड जातं. आत कोण आहे? कारागीर तुम्ही आहात ना? मग मला तुमचा हात बघायचाय. नाहीतर कचेरीचं एकही घड्याळ यापुढे ही पायरी चढणार नाही!"

मामांनी भिंग डोळ्याला लावलं. पेचकस उचलला. मी फटीतून बघत होते. पेचकसाचं टोक झाकणावर टेकलं आणि वाजायला लागलं. टिक टिक टिक टिक, घड्याळापेक्षाही भराभर! सगळ्या दुकानात तेवढाच आवाज. मामांनी दुसऱ्या हातानं तो हात धरला. मग दोन्ही हात थरथरायला लागले.

शिरस्तेदार वाकून बघायला लागले. "हे काय? अहो, हे काय—"

आणि सुभेदारांचा आवाज फुटला. बसऱ्याच्या वाळवंटात पलटणीला दिला असेल तसा!

"अबाउट टर्न!"

काय सांगू! शिरस्तेदारांचा जन्म गेला वरून हुकूम झेलण्यात. त्यांना काही कळायच्या आत पाय आपोआप वळले! हा एवढा मोठा अधिकारी रस्त्याकडे तोंड करून, हात मांडीला लावून, ताठ उभा! तारमास्तर आणि बागायतदार त्यांच्या डाव्या-उजव्या बाजूला सरकले. खांद्याला खांदा. चार पाठी.

मी दगड झाले होते. मामांनी थरथरत्या हातानं घड्याळ पडद्याकडे केलं खरं, पण मला हात पुढे करवेना.

सुभेदार रस्त्याकडेच बघत होते. मान तसूभर वळली नाही. मामा मला ज्या नावानं आत हाक मारायचे, त्याच नावानं ते म्हणाले,

"बायो, घे आता. आणि मामा, तो पडदा काढून टाका. पोरीला उजेड कमी पडतो."

पडद्याच्या कड्या वाजल्या. पडदा मामांनी स्वतः ओढला. रस्त्यावरचं सगळं ऊन टेबलावर आलं. मी पुढे येऊन मामांच्या शेजारी बसले, भिंग डोळ्याला लावलं आणि झाकण उघडलं.

बराच वेळ गेला. शिरस्तेदारांचा आवाज आला, पहिल्यांदाच हळू.

"सुभेदार... आता वळू का?"

"घड्याळ बरोबर झालं की!"